मिनेसोटाहून कासेगावला

स्मरणिकेसाठी मी इतिहासावर लिहिणार म्हटल्यावर आपल्या बॅचमधल्या काहींना हसू येईल. दहावीनंतर आपण बहुतेकांनी इतिहासाचे पुस्तक मिटले. मी इंजिनिअरिंगला गेले आणि गेली वीसेक वर्षे संगणकासमोर बसून पोट भरते आहे. तरीही लिहिते आहे, कारण डॉ. गेल ऑम्व्हेट यांच्याविषयी आपल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

गेल यांचा जन्म 2 ऑगस्ट 1941 रोजी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात झाला. नॉर्वे-स्वीडनकडून पोट भरायला आलेल्या कुटुंबांनी वसलेला हा मुलूख. त्यांचे आडनावही नॉर्वेचेच. म्हणजे देशांतर त्यांच्या रक्तातच होते म्हणा ना! कार्लटन कॉलेजात शिकून त्या बर्कलेच्या विद्यापीठात गेल्या. साठीच्या दशकातले ते बर्कले. व्हिएतनाम युद्धाला विरोध आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांची चळवळ तिथे जोरात होती. अमेरिकेत वर्णाचा प्रश्न पाहिलेल्या या मुलीने पीएच.डी.साठी महाराष्ट्रातला जातीचा प्रश्न निवडला. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, तिथपासून 1930 पर्यंतची ब्राह्मणेतर चळवळ हा त्यांचा विषय. त्यासाठी त्या मराठी शिकल्या, जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे वाचली, खेड्यापाड्यांत हिंडल्या. 1973 मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि 1976 साली प्रबंधाचे पुस्तक झाले. आपल्या मातीतल्या चळवळीवरचा हा पायाभूत ग्रंथ सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईने लिहिला.

इतर अभ्यासक प्रबंध झाला की परत जातात. गेल राहिल्या. 1976 मध्ये त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले. पाटणकर डॉक्टरी सोडून चळवळीत उतरलेले. सासर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले कासेगाव. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यात काम केलेल्या स्वातंत्र्यसैनिक. परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर पुढे दोघींनी मिळून काम केले. 1983 साली गेल यांनी अमेरिकेचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. आपल्यातले कितीतरी जण आज न्यू जर्सीत, टोरांटोत, आखातात आहेत. ग्रीन कार्डासाठी किती वर्षे रांगेत थांबावे लागते हे त्यांना विचारा, म्हणजे या निर्णयाचे वजन कळेल.

त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग पाण्याचा आहे. 1982 चा गिरणी संप फसला आणि मुंबईचे कितीतरी कामगार गावी परतले. आपल्या वर्गातही गिरणी कामगारांची मुले होती, तेव्हा त्या संपाची झळ वेगळी सांगायला नको. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात हे कामगार परतले ते दुष्काळात. तिथे भारत पाटणकरांच्या साथीने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी म्हटले, नदी आमची, वाळूही आमची; तिच्या पैशातून आम्ही बंधारा बांधू. त्यातून बळीराजा धरण झाले. त्याचे सूत्र साधे होते: पाणी जमिनीच्या मापाने वाटायचे नाही, घरटी समान वाटायचे, भूमिहीनालाही हिस्सा द्यायचा. गेल या कामात होत्या आणि त्यांनी ते जगापुढे मांडले.

वसईकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून जात होते, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली होती. पाणी कोणाचे, हा प्रश्न येरळेकाठी आणि बावखलाकाठी सारखाच.

गेल यांना मात्र आपल्याच माणसांना न पटणारी भूमिका घ्यायची भीती नव्हती. नर्मदेच्या धरणाविरुद्ध अरुंधती रॉय यांनी लिहिले, तेव्हा 1999 मध्ये गेल यांनी त्यांना जाहीर पत्र लिहून विचारले, की दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या पाण्याचे काय? विस्थापितांना न्याय हवाच. पण सरसकट धरणच नको, हे त्यांना मान्य नव्हते. कोरडवाहू गावात संसार केलेल्या बाईचा हा प्रश्न होता.

पुढे त्यांनी आंबेडकरांचे चरित्र लिहिले, वसंत मून यांच्या ‘वस्ती’चा इंग्रजी अनुवाद केला, आणि भारत पाटणकरांसह तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. 2003 च्या पुस्तकात त्यांनी भारतातल्या बौद्ध धर्माचा अडीच हजार वर्षांचा प्रवास मांडला. ते वाचताना मला आपला नालासोपारा आठवत राहिला. शाळेत वसईचा इतिहास म्हणजे किल्ला, पोर्तुगीज आणि 1739 चे चिमाजी अप्पा. पण बुरुड राजाच्या कोटात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. म्हणजे किल्ला बांधला जाण्याच्या दीड हजाराहून अधिक वर्षे आधी हे बंदर जगाला ठाऊक होते. कोणता इतिहास आपला म्हणायचा आणि कोणता बाजूला पडू द्यायचा, हा प्रश्न गेल यांनी आयुष्यभर विचारला.

25 ऑगस्ट 2021 रोजी, ऐंशीव्या वर्षी, कासेगावातच त्यांचे निधन झाले.

आपल्या शहरात आज कोकणातून, उत्तरेतून, कुठून कुठून आलेली माणसे राहतात, आणि ‘मूळचे कोण, बाहेरचे कोण’ हा वाद अधूनमधून पेटतो. अशा वेळी मला कासेगावची ही सून आठवते. माणूस कुठून आला यापेक्षा आल्यावर कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते. मेळाव्याला आलात की मुलांना घेऊन एकदा स्तूपावर जरूर जा. शाळेपासून फार लांब नाही.