पगारदार सहकारी पतसंस्थांचे गृहसाहाय्य

पगारदार सहकारी पतसंस्था ही एकाच आस्थापनेतील नोकरांनी आपल्या बचतीतून परस्परांना कर्ज देण्यासाठी स्थापन केलेली सहकारी संस्था होय. महाराष्ट्रात कारखाने, शाळा, महानगरपालिका व शासकीय कार्यालये यांतील नोकरांच्या अशा संस्था आहेत. घराची खरेदी, बांधकाम किंवा दुरुस्ती यांसाठी त्या देत असलेल्या कर्जाला गृहसाहाय्य म्हणता येते.

कायदेशीर आधार

या संस्थांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये होते. सभासदाने तसा करार करून दिल्यास कलम ४९ नुसार संस्थेचे येणे त्याच्या पगारातून कापून संस्थेकडे भरणे मालकावर बंधनकारक असते. एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या संस्थांना बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ लागू होतो.

साहाय्याचे स्वरूप

कर्जाची कमाल मर्यादा पोटनियमांनुसार ठरते. सहसा घर गहाण न ठेवता सहकाऱ्यांच्या जामिनावर कर्ज मिळते. सभासदांच्या ठेवी दीर्घकाळ गुंतवून ठेवता येत नसल्याने परतफेडीची मुदत बँकेच्या गृहकर्जापेक्षा कमी असते. म्हणून हे कर्ज बहुधा पूरक ठरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जातही बँकेला घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्केच रक्कम देता येते. उरलेली रक्कम, मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क यांसाठी पतसंस्था उपयोगी पडते. गावठाणातील वडिलोपार्जित घराची कागदपत्रे अपुरी असल्यास बँक ते तारण म्हणून स्वीकारत नाही. तेथेही जामिनावरील कर्जाचा आधार असतो.

सभासदांचे समाधान

सेवेचे मूल्यमापन करण्यासाठी पारसुरामन, झाइटहॅमल व बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘सर्व्हक्वाल’ ही मापनपद्धती वापरता येते. विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता, आपुलकी आणि दृश्य सुविधा हे तिचे पाच घटक आहेत.

पतसंस्थेत मात्र ग्राहक हाच मालकही असतो. कर्जदार सभासदाला कमी व्याजदर हवा असतो, तर केवळ बचत करणाऱ्यास अधिक लाभांश. निबंधकाच्या पूर्वमंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. त्या मर्यादेत हा तोल वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वाने साधावा लागतो.

मर्यादा

बँकेचा हप्ता आणि पतसंस्थेची कपात एकत्र आल्यास हाती येणारा पगार घटतो. मालकाने कापलेली रक्कम वेळेवर न भरल्यास सभासदाचे खाते थकबाकीत दिसू शकते. कर्ज थकल्यास वसुलीचा भार जामीनदारावर येतो. त्यामुळे केवळ कर्ज मिळालेल्यांची मते घेऊन समाधान मोजणे अपुरे ठरते. जामीनदार, ठेवीदार आणि अर्ज नामंजूर झालेले सभासद यांचाही विचार आवश्यक असतो.

हे सुद्धा पहा

सहकारी गृहनिर्माण संस्था
सहकारी बँक