स्वपरिचर्या सिद्धांत

आजारामुळे वाढलेली काळजीची गरज आणि ती स्वतः भागवण्याची रुग्णाची कुवत यांत पडणारी तूट भरून काढणे हे परिचारिकेचे काम, असे मानणारी परिचर्याशास्त्रातील उपपत्ती. अमेरिकन परिचारिका व अध्यापिका डोरोथिया ओरेम (१९१४–२००७) यांनी ती ‘नर्सिंग : कन्सेप्ट्स ऑफ प्रॅक्टिस’ (१९७१) या ग्रंथात सविस्तर मांडली.

ओरेम यांनी परिचर्येच्या तीन पद्धती सांगितल्या. बेशुद्ध रुग्णाचे सर्व काही परिचारिका करते. शस्त्रक्रियेनंतर उठू लागलेल्याचे काही ती, काही तो करतो. तिसऱ्या पद्धतीत ती केवळ शिकवते आणि धीर देते. रुग्णाला जमते तेही उरकून टाकणारी सिस्टर कितीही प्रेमळ असली तरी या हिशेबात चुकतेच.

इन्सुलिन नव्याने सुरू झालेल्या मधुमेह्याच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. पहिल्या दिवशी सुई परिचारिका टोचते, पुढे रुग्ण टोचतो आणि ती पाहते. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर मिळते; म्हणून ‘घरी कसं घ्याल, करून दाखवा’ असे विचारणे अधिक उपयोगी. एकाच जागी टोचत राहिल्यास त्वचेखाली गाठी होतात व औषध नीट शोषले जात नाही, हे कळले की जागा बदलण्याची सक्ती करावी लागत नाही. घाम फुटून हातपाय थरथरू लागले, रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, एवढे ठाऊक असलेला माणूस रात्री घाबरत नाही. कोरड्या आश्वासनाने हे साधत नाही.

यंत्रावरील उपचारातही रुग्ण असा वाटा उचलू शकतो. स्वीडनमधील यॉनशॉपिंग येथील रुग्णालयात २००५ मध्ये एका रुग्णाने स्वतःचे डायलिसिस स्वतः करण्याची इच्छा व्यक्त केली. परिचारिकेने त्याला यंत्र चालवायला शिकवले. पुढे तेथे रुग्णांनीच यंत्रे लावण्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

रुग्णावर नको तेवढा भार पडतो, हा या सिद्धांतावरील आक्षेप अगदीच गैरलागू नाही. थकलेल्या वृद्धाला ‘तुम्हीच करा’ म्हणणे ही कामचुकारीही ठरू शकते. भारतातील नर्सिंगच्या अभ्यासक्रमात हा सिद्धांत शिकवला जातो. डिस्चार्जच्या वेळी मात्र गोळ्यांच्या वेळा बहुधा मुलाला किंवा सुनेला समजावल्या जातात आणि रुग्ण शेजारी नुसता बसून असतो.