रायफलच्या नळीतले छिद्र

बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये गोळी नळीतून जात असताना तिच्यामागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून वळवून घेतात. त्याच्या जोराने बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचे काडतूस भरले जाते. हे छिद्र कुठे पाडायचे, यावर बरेच काही अवलंबून असते. 1936 मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या एम-1 गरँडला सुरुवातीला ते नव्हतेच. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या भागात वायू अडवला जाई. त्यात काजळी साचे. काही वर्षांतच ती रचना सोडून नळीला टोकाजवळ छिद्र पाडले गेले.

पुढे युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत पिस्टनचा दांडाच काढून टाकला आणि वायू पातळ पोलादी नळकांडीतून थेट बोल्टच्या वाहकात सोडला. एआर-15ची नळी 20 इंचांची, छिद्र मागून सुमारे 13 इंचांवर. गोळी छिद्र ओलांडून तोंडाबाहेर पडेपर्यंतच दाब टिकतो, आणि येथे त्यासाठी सुमारे 7 इंच मिळत. पण छिद्र जागचे न हलताही गणित बिघडू शकते. 1964 मध्ये काडतुसातली दारू बदलली, तेव्हा छिद्रापाशी दाब वाढला आणि एआर-15ची लष्करी आवृत्ती, एम-16, ठरल्यापेक्षा वेगाने चालू लागली. व्हिएतनाममधल्या बिघाडांची 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली, तीत हा बदलही ऐरणीवर आला.

त्याच युद्धासाठी एम-16 बनवणाऱ्या कोल्ट कंपनीने नळी 10 इंचांवर आणली. छिद्र साहजिकच मागे, 8 इंचांच्या आत सरकले. त्यापुढे जेमतेम 2 इंच उरले, म्हणजे दाब टिकायला वेळ फारच थोडा. याच आखूड बंदुकीच्या नंतरच्या आवृत्तीत, एक्सएम-177ई2 मध्ये, नळी 11.5 इंचांची करण्यात आली.

1994च्या एम-4 कार्बाइनची नळी 14.5 इंचांची झाली, छिद्र मात्र आखूड बंदुकीच्या जागीच राहिले. पुढे लांबी पुरेशी होती, पण इतक्या मागे वायूचा दाब चढाच असतो. त्यामुळे बोल्ट लवकर उघडतो. पुंगळी अजून फुगून कक्षाला घट्ट धरून असते आणि ओढणाऱ्या आकड्यावर व बोल्टच्या दात्यांवर ताण येतो. उपाय म्हणून आकड्याची स्प्रिंग कडक केली गेली आणि मागचा बफर जड केला गेला. छिद्र हलवले नाही.

नागरी बाजारात आणखी एक गोष्ट आड आली. अमेरिकी कायद्यानुसार खास नोंदणी नसेल तर सामान्य नागरिकाच्या रायफलची नळी किमान 16 इंच लागते. त्या नळीवर कार्बाइनची आखूड नळकांडी बसवली, की छिद्रापुढे 8 इंच उरतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच, आणि धक्काही कडक बसतो. त्यावर तोडगा म्हणून मधल्या लांबीची नळकांडी आली. तिचे छिद्र सुमारे 10 इंचांवर असते आणि पुढे 6 इंच राहतात.