तळटीप : ‘जंबो’

जंबो : मुळात हे एका आफ्रिकी हत्तीचे नाव. १८६५ मध्ये पॅरिसहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आलेला जंबो मुलांना पाठीवर बसवून फिरवी. १८८२ मध्ये अमेरिकी सर्कसवाल्या बार्नमला तो विकला गेला, तेव्हा ब्रिटनभर हळहळ झाली. १८८५ मध्ये कॅनडात मालगाडीच्या धडकेने हा गुणी जीव हकनाक गेला. नावाचे मात्र विशेषण झाले.

पुढे बोइंग ७४७ ‘जंबो जेट’ ठरले.

मराठीत वडापाव, मंत्रिमंडळ, २०२० मधली कोविड केंद्रे, सारेच जंबो. सर्वांत वेगळा वापर मुंबईकरांचा : पश्चिम रेल्वेवर दुरुस्तीसाठी लोकल तासन्‌तास बंद ठेवल्या, की तो ‘जंबोब्लॉक’, मध्य रेल्वेवर तोच ‘मेगाब्लॉक’. इथे शब्द आकार सोडून वेळ मोजतो.