तळ

यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची नातवंडे बीडला आली, ती एक तंबू पाठीवर घेऊनच. एवढासा गुंडाळा, पण सोडला की त्यात चार माणसे निजतात, असे नातू मला मोठ्या अभिमानाने सांगत होता. लाडू-चिवड्याचे डबे रिकामे होण्याच्या आत कुठेतरी रानात जाऊन तंबूत एक रात्र काढायची, असा त्यांचा बेत होता. "जागा तेवढी तुम्ही निवडा, आबा," नात म्हणाली, "पण सुंदर हवी. फोटो चांगले आले पाहिजेत."

मी आयुष्यभर इतिहास शिकविला. पोरांच्या साध्या प्रश्नाला इतिहासाचे शेपूट जोडल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही, अशी घरात माझी ख्याती आहे. तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "सुंदर जागा मी दाखवीन, पण तळ कुठे द्यायचा हा निराळा प्रश्न आहे. त्या प्रश्नापायी आपल्या बीड जिल्ह्यात एक अख्खी फौज बुडाली आहे." आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "झाले सुरू!" परंतु मुले जवळ सरकून बसली आणि मला तेवढे पुरे होते.

वाचकहो, तळ, मुक्काम, छावणी, डेरा, राहुटी, पाल हे सारे शब्द आपण आज ढिलेपणाने वापरतो. पण ज्यांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले त्यांच्या लेखी त्यांत भेद होता. मुक्काम रात्रीपुरता, तर छावणी पावसाळाभराची. डेरा सरदाराचा, राहुटी शिलेदाराची आणि पाल ज्याला या दोन्ही परवडत नाहीत त्याचे. या सगळ्यांना आधी जागा शोधावी लागे आणि ती शोधणे हे मानाचे काम होते. मोगलांच्या लष्करात त्यासाठी 'मीर मंझिल' नावाचा अधिकारी असे. बादशहाचे तंबू दोन संच असत. एका तळावर बादशहा निजलेला असताना दुसरा संच, म्हणजे पेशखाना, पुढच्या तळाकडे निघालेला असे. मराठी फौजेत हे काम बिनीवाल्याचे. १८०९ साली शिंद्यांच्या लष्कराबरोबर राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रजाने ते पाहून लिहून ठेवले आहे. बिनीवाला पुढे जाऊन जागा हेरी आणि महाराजांचे डेरे जिथे पडायचे तिथे लहानसे पांढरे निशाण रोवी. मग त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजाराची निशाणे लागत आणि घटकाभरात माळावर एक गाव उभे राही.

बिनीवाला पाहत होता काय? देखावा खासच नव्हे. माणसांना आणि जनावरांना पुरेल एवढे पाणी, वैरण, सर्पण, उंच आणि निचऱ्याची जमीन, आणि प्रसंग पडला तर निघून जायची वाट, एवढे तो पाही. जागा चांगली मिळाली तरी ती सांभाळावी लागे. शिवाजीमहाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण पावसाळ्यापूर्वीच उडवू नका, रात्री चुली आणि दिवे विझवून निजा, नाहीतर जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, असे त्यात बजावले आहे. राज्य उभे करणाऱ्या माणसाला उंदराचीही काळजी करावी लागते!

आता आपला जिल्हा पाहा. उत्तरेला गोदावरी, जिला आमच्याकडे नुसते गंगाच म्हणतात. तिच्या काठची काळी गंगथडी. मध्यातून गेलेली बालाघाटाची डोंगररांग आणि तिच्यात पाटोद्याच्या बाजूला उगम पावणारी मांजरा. देवगिरीहून दक्षिणेत उतरायचे किंवा तेलंगणातून देवगिरीकडे चढायचे तर लष्करांना हा टापू चुकत नसे. चौदाव्या शतकात महंमद तुघलक तेलंगणाच्या मोहिमेवरून आजारी होऊन परतताना बीडला थांबला. दातदुखीने तो हैराण झाला होता. तो दात पडला तेव्हा बादशहाने तो समारंभाने पुरला आणि त्यावर कबर बांधली. करजणी गावाजवळ ती दाखवितात. दाताची ही कथा फिरिश्त्याने नोंदविलेली असल्यामुळे तिला निव्वळ दंतकथा म्हणण्याची सोय नाही!

पण मुलांना सांगायची गोष्ट होती ती राक्षसभुवनची. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. शनीचे स्थान म्हणून यात्रेकरू तिथे जातात, पण त्या वाळवंटात १० ऑगस्ट १७६३ रोजी काय घडले याची आठवण थोड्यांनाच असते.

पानिपताला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. पेशवे माधवराव अठरा वर्षांचे होते. त्यांचे आणि चुलते रघुनाथराव यांचे वितुष्ट एवढे वाढले होते की १७६२ च्या अखेरीस घरातल्या घरात लढाई होऊन पुतण्याला चुलत्याच्या स्वाधीन व्हावे लागले. दौलत अशी दुभंगलेली पाहून निजामअलीने उचल खाल्ली. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर हा त्या काळच्या साडेतीन शहाण्यांपैकी एक पूर्ण शहाणा. त्याने नागपूरकर जानोजी भोसल्यांना आपल्याकडे ओढले आणि १७६३ च्या मे महिन्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. पेशवे मात्र पुणे राखायला गेले नाहीत. त्यांनी उलट निजामाचा मुलूख मारीत थेट हैदराबादेच्या बाजूपर्यंत धडक दिली. दोन्ही फौजा एकमेकींची घरे जाळीत फिरत होत्या आणि मधे पावसाळा आला.

निजामअलीला औरंगाबादेस जायचे होते. वाटेत गंगा. श्रावणातली गंगा ज्याने पाहिली आहे त्याला तिची ओळख नको. राक्षसभुवनाशी निजामअली स्वतः काही फौजेनिशी पलीकडे उतरला आणि बाकीची फौज विठ्ठल सुंदरच्या हाताखाली अलीकडच्या काठावर राहिली. एका लष्कराचे दोन तळ झाले आणि मधे नदी दुथडी भरून वाहू लागली. जानोजीला सखारामबापूंनी आतून वळविलेच होते. तोही फौजेसह बाजूला झाला. मराठे मजल दरमजल करीत येऊन पोहोचले तेव्हा त्या शहाण्या दिवाणाच्या पुढे शत्रू होता, पाठीशी पाणी होते आणि त्याचा धनी त्या पाण्याच्या पलीकडे होता.

लढाई सोपी झाली नाही. पाठीशी नदी असलेले लोक जिवावर उदार होऊन लढतात. खुद्द रघुनाथराव गर्दीत वेढले गेले. त्या क्षणी माधवरावांनी मदत पाठवून चुलत्याला सोडविले. आदल्या वर्षी ज्याने आपल्याला नजरकैदेत ठेवले त्याला वाचविण्यासाठी! विठ्ठल सुंदर पडला, त्याची फौज कापली गेली आणि उरलेल्यांना गंगेने गिळले. निजामअली पलीकडच्या काठावरून हे सारे पाहत राहिला. महापुरामुळे एक स्वारही त्याला अलीकडे पाठविता आला नाही. पुढच्याच महिन्यात औरंगाबादेस तह झाला आणि पेशवाईची सूत्रे खऱ्या अर्थाने माधवरावांच्या हाती आली.

"म्हणजे तो पाण्यामुळे हरला," नातू म्हणाला.

"थांब," मी म्हटले, "त्याचे पुढे ऐक."

सुमारे बत्तीस वर्षांनी, १७९५ च्या मार्च महिन्यात, हाच निजामअली साठी उलटून गेल्यावर पुन्हा मराठ्यांवर चालून आला. या वेळी बिदराहून मांजरेच्या काठाकाठाने आला, कारण एवढ्या मोठ्या लष्कराला नदी सोडून चालता येत नाही. आमच्या पाटोद्याच्या शेजारी, जामखेड तालुक्यात खर्ड्याला ११ मार्चला गाठ पडली. गादीवर दुसरे माधवराव होते, सवाई. दिवसाची लढाई अजून हातातून गेलेली नसतानाच निजामाने रात्री खर्ड्याच्या लहानशा किल्ल्याचा आसरा घेतला. भिंती भक्कम होत्या, पण बाहेर मराठ्यांचा वेढा आणि आत फाल्गुन-चैत्राची तहान. दोन दिवसांत तो तहाला कबूल झाला. एकदा पाणी फार झाले म्हणून आणि एकदा पाणी मिळेना म्हणून! आणि त्याच्या बापाला, निजामउल्मुल्काला, थोरल्या बाजीरावांनी १७२८ साली वैजापूरकडे पालखेडला असेच पाण्यावाचून कोंडले होते. घराण्यात तळ चुकण्याची अशी परंपराच पडली.

इथे माझ्या श्रोत्यांनी हसून घेतले. मी मात्र हसलो नाही. कारण तळ चुकणाऱ्यांत माझेही नाव आहे आणि ते कोणत्याही बखरीत नसले तरी मला पुसता येत नाही.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बावीस मुलांना घेऊन सहलीला गेलो होतो. ऑक्टोबरचे दिवस होते. बालाघाटाच्या पायथ्याशी एका ओढ्याची स्वच्छ, पांढरी वाळू, कडेने करंजाची सावली. मी तिथेच राहुट्या ठोकायला सांगितल्या. एक म्हातारा धनगर मेंढरे वळवीत तिकडून चालला होता. तो म्हणाला, "गुरुजी, जरा वर बघा." मी वर पाहिले. आभाळ निरभ्र होते. तो म्हणाला, "आभाळ नव्हं, बाभूळ बघा." बाभळीच्या फांदीला, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेले गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. मी इतिहासाचा शिक्षक! जुन्या कागदांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे सांगणारा. पण ओढ्याने त्याच वर्षी लिहिलेला कागद मला वाचता आला नाही. मी म्हटले, पावसाळा संपला आता.

रात्री आमच्यावर चांदणे होते आणि दूर डोंगरावर विजा चमकत होत्या. तोच धनगर ओरडत आला आणि त्याने राहुट्यांचे दोर सोडायला सुरुवात केली. आम्ही मुले वर काढली. मागे वळून पाहिले तेव्हा वाळू नव्हतीच, काळे पाणी होते. मोजली तर मुले एकवीस भरली. पुढचा दीड तास मी कसा काढला हे मला सांगता येणार नाही. तो मुलगा वरच्या अंगाला ज्वारीच्या रानातल्या माळ्यावर सापडला. भावाकडून मागून आणलेली घोंगडी भिजू नये म्हणून ती छातीशी धरून तो एकटाच तिथे चढून बसला होता. त्या धनगराचे नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

म्हणून यंदा मी मुलांना गंगेच्या वाळवंटाचे नाव काढू दिले नाही. वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे. तिथून पाणी सोडले की खालच्या वाळूला आभाळात ढग लागत नाही. आम्ही सौताड्याला गेलो. पाटोदा-जामखेड रस्त्यावर विंचरणा नदी खोल दरीत कोसळते आणि खाली रामेश्वराचे देऊळ आहे. पायऱ्या उतरून आम्ही धबधबा डोळे भरून पाहिला. मुलांना तंबू तिथेच डोहाकाठी हवा होता. मी त्यांना पुन्हा वर आणले आणि एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या पडीक माळावर, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, जागा नेमली. देखावा काही नव्हता. नातीचे तोंड एवढेसे झाले.

दिवस मावळताना रस्त्यावर एक ट्रॅक्टर बंद पडला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, गोणपाट, शेळ्या, कोंबड्या आणि माणसे. वडवणीकडची ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघाली होती. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे अशी बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे माणूस म्हणत नाहीत, एक 'कोयता' म्हणतात. ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत ती मंडळी आमच्याच माळावर उतरली. एक तरुण बाई, काखेत मूल, क्षणभर उभी राहिली. तिने वारा कुठून येतो ते पाहिले, पायाने माती दाबून पाहिली आणि बांधाच्या आडोशाला तीन दगड मांडले. पाच मिनिटांत तिचा तळ पडला. मग आमच्या तंबूकडे पाहून म्हणाली, "बाबा, तिथं रातच्याला वारं लागंल लेकरांला. हिकडं बांधाच्या आडाला या." बिनीवाल्याच्या साऱ्या कसोट्या पाहूनही मी वारा विसरलो होतो. आम्ही निमूटपणे तंबू उचलला.

रात्री शेकोटीशी नातीने तिला विचारले, "कारखान्यावर तुम्ही जागा अशीच निवडता का?"

ती हसली. "तिथं कुठली निवड, ताई? मुकादम दावील तिथं कोपी घालायची. कधी गटाराच्या कडंला, कधी रस्त्याला लागून. पाणी लांब असलं तर लांबून आणायचं."

नातू काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने मला हळूच विचारले, "आबा, त्यांना उचलून नीट जागा द्यायला कोणी बिनीवाला नसतो का?" मी बत्तीस वर्षे शिकविले, पण या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्या पुस्तकात वाचल्याचे आठवेना. तसे मी त्याला सांगितले.

पहाटे जाग आली तेव्हा ट्रॅक्टर गेला होता. बांधाच्या आडाला तीन दगड होते आणि त्यांच्यामधली राख अजून ऊन होती. रात्री नातीने करंज्यांचा डबा तिच्या लेकरासाठी दिला होता. तो घासून, पालथा घालून, आमच्या तंबूच्या दाराशी ठेवलेला होता.

घरी परतताना नातीने फोटो दाखविले. धबधब्याचे दोन होते. बाकीचे सगळे त्या माळाचे.