कुलूप, कात्री आणि सूचना

ग्रंथाच्या आरंभी नाजूक मनाच्या वाचकाला सावध करणारी सूचना असावी की नसावी, हा वाद आज नवा म्हणून मांडला जातो. आम्हां वऱ्हाडकरांस तो नवा वाटू नये.

अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर हे महानुभावांचे थोर तीर्थस्थान. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांस गाठून टिपल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा आद्यग्रंथ वऱ्हाडात घडला, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु पुढे कित्येक शतके तो सामान्य मराठी माणसास वाचता येत नव्हता, हे सांगावयाचे राहून जाते. अनधिकाऱ्याच्या हाती शास्त्र पडू नये म्हणून पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. ही सूचना नव्हे, हे कुलूप.

कुलपाआड काय आहे ते न कळल्याने लोकांनी मनास येईल ते कल्पिले. ‘मानभाव’ हा शब्द मराठीत ढोंगी माणसाला लावला जाऊ लागला! एका सदाचारी पंथावर याहून मोठा अन्याय कोणता? विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी लिपीची उकल केली, यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांड्यांसारखे संशोधक पुढे आले, तेव्हा कोठे किल्मिष निवळू लागले.

पुढे १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध झाले. त्यातील काही प्रसंग आराध्यदैवताचा अवमान करतात, अशी हरकत पंथीयांनी घेतली. ग्रंथ मागे घ्यावा, अशीही मागणी झाली. श्रद्धावंताचे दुःख खोटे नव्हते. पण हस्तलिखितातील ओळ गाळणे हेही आम्हांस मान्य नाही.

चित्रपटाची वाट निराळी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात ‘केवळ प्रौढांसाठी’ हा दाखला आहे; २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा वर्षे अशा पायऱ्याही आल्या. परंतु दाखला देणारे मंडळच कात्री चालविते, म्हणून लेखकांस सूचनेचीही धास्ती वाटते. ती अनाठायी नाही. शिवाय दुखावणारे मन काही वयावर ठरत नाही. ‘लीळाचरित्रा’ने दुखावलेले पंथीय चांगले जाणते होते.

आता ऋद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तेथील एखाद्या महानुभाव घरातील मुलीच्या हाती हा ग्रंथ पडेल, तेव्हा पाठ कोणत्या पोथ्यांवरून घेतला, कोणत्या लीळांविषयी पंथाचे म्हणणे वेगळे आहे, हे प्रस्तावनेत दोन पानांत सांगावे. आणि त्यापुढे ग्रंथ अक्षरही न गाळता छापावा.