पाभरीचा फण आणि बंदुकीची बैठक



काल पेरणीआधी पाभर बाहेर काढली. पावसाळ्यात फुगलेलं दिंड उन्हाळ्यात आवळलं होतं आणि मधला फण भोकात खुळखुळत होता. पाचर ठोकताना वडील आठवले. ते फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे. निशाणा चुकतो म्हणून कोणी जवान रायफल घेऊन आला की म्हणायचे, "नळीला दोष देऊ नको, आधी लाकूड बघ." त्या एका वाक्यामागं मोठा इतिहास आहे.

रायफलीची नळी आणि यंत्र लाकडी दस्त्यात बसवलेलं असतं. गोळी सुटताना नळी थरथरते आणि यंत्राला मागं धक्का बसतो. दर वेळी बैठक तीच असेल तर गोळी त्याच जागी जाते. पण लाकूड ओल पितं. ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं आणि नळीला एका बाजूनं दाबतं. नळी एका अंशाच्या साठाव्या भागानं जरी सरकली, तरी ३०० मीटरवर गोळी सुमारे नऊ सेंटिमीटर बाजूला जाते.

जुन्या कारागिरांनी यावर आपापल्या परीनं इलाज शोधले. ब्रिटिशांच्या .३०३ 'नंबर ४' रायफलीत दस्त्याचं पुढचं टोक नळीला खालून थोडा ठरावीक दाब देईल, असं लाकूड तासायचे. ऑस्ट्रेलियात लिथगो कारखान्यानं दुसऱ्या महायुद्धात मऊ जातीचं स्थानिक लाकूड वापरलं. धक्क्यानं ते दबू नये म्हणून आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. आपल्या ईशापूरच्या .३०३ वर लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसतो, तो दस्ता चिरू नये म्हणून.

मोठा धडा व्हिएतनाममध्ये मिळाला. अमेरिकेच्या मरीन दलानं १९६६ मध्ये 'एम ४०' ही रायफल घेतली. नळी उत्तम, दुर्बीण चांगली, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तिथल्या दमट हवेत लाकूड फुगलं, वाकडं झालं आणि नळीला टेकू लागलं. १९७० च्या दशकात त्यांनी 'एम ४०ए१' केली. तिचा दस्ता फायबरग्लासचा आणि यंत्राची बैठक इपॉक्सीची.

तिकडचे शिकारी हेच काम घरच्या बाकावर करत आले आहेत. यंत्राखालचं थोडं लाकूड कोरायचं, लोखंडाला मेण लावायचं म्हणजे ते चिकटत नाही, खाचेत इपॉक्सी भरायचं आणि यंत्र बसवून सुकू द्यायचं. आपलं ॲराल्डाइट त्याच जातीचं. मग नळीखालून कागदी नोट सरकवून बघतात. ती न अडकता यंत्रापर्यंत गेली, तर नळी मोकळी आहे. नेम चुकला की जनावर जखमी होऊन रानात तडफडत मरतं, म्हणून प्रामाणिक शिकारी एवढा खटाटोप करतो.

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि हत्यार दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. त्यामुळं पीकसंरक्षणाची बंदूक असेल तर ती परवानाधारक कारागिराकडंच न्या. घरी हात लावू नका.

मग हे सगळं इथं कशाला सांगितलं? काही वर्षांमागं माझी ज्वारी विरळ उगवली. मी बियाण्याच्या दुकानात जाऊन चार लोकांत दुकानदाराला नको ते बोललो. घरी येऊन सऱ्या उकरल्या, तर एका तासातलं बी चार बोटं खाली आणि शेजारच्या तासातलं वरच, पाखरांनी टिपलेलं. बी चांगलं होतं. सैल होता तो फण. दुसऱ्या दिवशी परत जाऊन माफी मागितली, पण चार लोकांपैकी तीन तिथं नव्हते.

म्हणून यंदा बियाण्याला, खताला, पावसाला बोल लावण्याआधी पाभरीचा एकेक फण हातानं हलवून बघा. हलला, तर आधी पाचर. मग पेरणी.